मेलेल्यांच्या ओळीत

सिस्टर, तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही जिवंत होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती, आणि पुढे मी नोकरीत अशी अडकले की तुम्ही गेल्याचंही मला फार उशिरा कळलं. समुद्रकाठच्या तुमच्या गावी, चर्चच्या आवारात पुरलं, एवढंच कुणीतरी सांगितलं. आता मीही निवृत्त आहे. जालन्यात, मस्तगडात दोन खोल्यांत एकटी राहते, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत आहे. शेजारपाजारचे तिला घाबरून असतात. ती धार तुमच्याकडूनच आली, असं आमचे अण्णा म्हणायचे. मुलीला जालन्याच्या मिशनच्या शाळेत घातल्याचा त्यांना अभिमान होता, आणि सुट्टीत घरी आलेली मुलगी वाद घालायला लागली की थोडा पश्चात्तापही व्हायचा.

तुम्हाला आठवतं का ठाऊक नाही, पण मला तो दिवस अगदी काल झाल्यासारखा आठवतो. कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा तुम्ही स्वतः बडवायचात. साधी घंटा शिपाई वाजवायचा. ही लांबलचक घंटा, आग किंवा पूर आला तर काय करायचं त्याच्या सरावाची, फक्त तुमची. ती वाजली की लिहिता हात थांबवायचा, वह्यापुस्तकं तशीच टाकायची, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मैदानात जायचं. लहान वर्ग आधी, मोठे मागून. बोलायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. "कुछ भी हो, पीछे नहीं जाना," हे तुमचं वाक्य आम्हाला प्रार्थनेसारखं पाठ होतं. त्या दिवशी माझी नवी कंपासपेटी बाकावर राहिली. अण्णांनी परतूरच्या बाजारातून आणलेली, झाकणावर मोर असलेली. मी ओळीतून निसटले, वर्गात गेले, पेटी घेऊन बाहेर आले तर दारात तुम्ही. तुम्ही ओरडला नाहीत. पांढरी बाही वर करून भिंतीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "तू मर गई. वहाँ बैठ."

तिथं माझ्याआधी दोघी-तिघी मेलेल्या बसल्याच होत्या. एक चप्पल घ्यायला वळलेली, एक मैत्रिणीला शोधायला गेलेली. मधली सुट्टी झाली तरी आम्हाला उठू दिलं नाहीत. मी डब्याकडे पाहिलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, मेलेल्यांना डबा नसतो. बाकी मुली आमच्यासमोर बसून पोळीभाजी खात होत्या आणि आमच्याशी बोलायची त्यांना मनाई होती. शाळा सुटल्यावर मला खोलीत बोलावून तुम्ही एक केळं दिलंत, मी ते संपवेपर्यंत खुर्चीवर हात बांधून बसून राहिलात. हा नियम तुम्ही कुठून आणलात, तुमच्या त्या समुद्रानं तुमचं काय नेलं होतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत. नंतरही कधी नाही. एका शब्दानं सांगितलं असतंत तर आज मी इतकी चिडले नसते.

कारण पुढे मी तुमचा नियमच नोकरीत वापरला. महसूल खात्यात लागले, फिरत फिरत आपत्ती व्यवस्थापनात आले आणि तिथंच केस पिकले. या जिल्ह्याला लोक दुष्काळी म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण ज्या वर्षी पाऊस पडतो त्या वर्षी असा पडतो की ओढा नदी होतो आणि नदी गावात येते. वीज पडते, गारा पडतात. आमच्या बहुतेक साहेबांच्या लेखी आपत्ती म्हणजे मॉक ड्रिलचा दिवस. मांडव घालायचा, हार घालायचे, बोट कोरड्या तळ्याच्या काठावर ठेवून तिच्यासमोर फोटो काढायचे. लाइफ जॅकेटांवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचे नाहीत, मळतात म्हणून. मी मात्र गावोगाव तुमची ड्रिल घेतली. भोंगा वाजला की घराबाहेर पडायचं आणि उंचावरच्या शाळेत यायचं. जो काही घ्यायला मागे वळेल त्याला मी बाजूला बसवायची: तुम्ही मेलात, बसा. लोक हसायचे, पण लक्षात ठेवायचे. बाया तर तोंडाला पदर लावून खिदळायच्या. एकदा एका म्हातारीनं आपल्या मेलेल्या जावेसाठी गळा काढून रडून दाखवलं आणि सगळी शाळा लोटपोट झाली.

माझी धाकटी बहीण कुंभार पिंपळगावापासून जवळच, नदीकाठच्या एका गावात दिलेली होती. तिला अण्णांनी कॉन्व्हेंटात घातलं नाही, एकीचंच झेपलं. तिच्या गावात ड्रिल घेतली तेव्हा ती चुलीवरचं दूध उतरवायला मागे वळली, आणि मी सगळ्यांदेखत तिला मेलेल्यांच्या ओळीत बसवलं. ती तिथून ओरडली, "आक्का, आम्ही इथं मरून राह्यलो अन् तू नुस्ती हिंडून राह्यली. मेल्यावर च्या तरी पाजतेस का न्हाई? का उपाशीच धाडतेस वर?" मी म्हणाले, मेलेल्यांना चहा नसतो. ती म्हणाली, "तुझ्या मडमनं शिकवलं वाटतं. तिच्या शाळंत ढोरं बांधेल नव्हती, म्हणून सुचलं तिला."

ही ढोरांची गोष्ट आता नीट ऐका, कारण माझं भांडण तिथंच आहे. आमच्या भागात आता जनावरं दाव्यानं बांधत नाहीत. चोर गाडी घेऊन येतात, दावं कापतात आणि म्हैस घेऊन जातात. म्हणून गोठ्यात सिमेंटमध्ये लोखंडी कडी पुरलेली, कडीला साखळी, साखळीला कुलूप. सगळ्या कुलपांची किल्ली एकच, घरातल्या कर्त्या बाईच्या पदराला नाही तर कर्त्या पुरुषाच्या खिशात. हे मला माहीत होतं, आणि मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं होतं. पावसाचा इशारा आला की माणसांच्या आधी जनावरं हलवा, वर चारा ठेवा, कुलपं काढायला लावा. नाहीतर माणसं बोटीत बसतील आणि अर्ध्या वाटेतून उतरतील. साहेब माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ लहान, हसून म्हणाले, "मॅडम, म्हशींनाही लाइफ जॅकेट द्यायचं का?" टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी म्हणाले, द्या, तुमची तशी कोरीच पडली आहेत. मग कुणी हसलं नाही, पण कुणी लिहूनही घेतलं नाही.

मी निवृत्त झाल्यावरच्या एका परतीच्या पावसाची गोष्ट. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि सकाळी सकाळी पाणी बहिणीच्या गल्लीत आलं. मोबाइलवर संदेश आला म्हणे: सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. रोजचं साधं मराठी सोडून हे कुणाशी बोलतात, देव जाणे. बोट मात्र आली, वेळेवर आली, हे कबूल केलं पाहिजे. तिचा मुलगा, माझा भाचा, ट्रॅक्टरवर दुसऱ्या गल्लीतली म्हातारी माणसं हलवत होता. बचाव पथकातल्या मुलांनी बहिणीला दारातून उचललं, बोटीत बसवलं, टेकाडावरच्या शाळेत सोडलं. मी जालन्याहून फोनवर फोन लावते आहे. अखेर लागतो.

"पोचलीस का?"

"पोचले. आक्का, कुलपं तशीच हायेत. किल्ली माझ्या पदराला हाय."

"पथकाला दे किल्ली."

"इचारलं त्याइला. म्हणतेत, ढोरासाठी बोट न्हाई, आधी माणसं."

"मग नाही तर नाही. तू जायचं नाही. बिलकुल नाही."

 तिच्या मागून आवाज येतो आहे. आधी मला भोंगा वाटतो, मग कळतं. शाळेतून तिचा गोठा दिसतही होता आणि ऐकूही येत होता. तीन म्हशी आणि एक लहानगी वगार, पाण्यात उभ्या, गळ्यात साखळी.

"ऐकून राह्यली का?" ती म्हणाली.

"ऐकलं. तरी जायचं नाही."

"मंग मला बसव तुझ्या वळीत," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. हसून म्हणाली की रागानं, हे मला अजून ठरवता येत नाही. मी भाच्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मग ज्या नियंत्रण कक्षात माझी उभी हयात गेली तिथं लावला. कुणी नवा होता. मी गावाचं नाव सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, तालुका सांगा." मी तालुका सांगितला. "मॅडम, आपलं नाव आणि पद?" माझं आता काही पद नाही रे मेल्या, माझी बहीण पाण्यात उतरते आहे, असं मी ओरडले, तर तो अगदी शिकवल्याप्रमाणे म्हणाला, आपण शांत राहा आणि लाइनवर राहा.

दुपारी म्हशी शाळेच्या मैदानात आल्या. एकामागून एक, गळ्यातून साखळी लोंबत होती, पण कुलूप नव्हतं. वगारही आली. शाळेतल्या बाया आधी टाळ्या वाजवायला लागल्या, असं भाच्यानं सांगितलं. त्यांना वाटलं, मागून ती येईल. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर ती बाभळीच्या कुंपणाशी सापडली. किल्ली पदराला नव्हती, गोठ्यातल्या शेवटच्या कुलपातच राहिली होती.

पंचनाम्याला आलेला अधिकारी सोज्वळ तोंडाचा होता. माझ्याशी अदबीनं बोलला, कारण मी त्याच खात्यातली. म्हणाला, "बाईसाहेब, त्यांना सुरक्षित स्थळी हलवलेलं होतं. त्यांनी सूचनांचं पालन केलं असतं तर..." मी विचारलं, कुलपाची सूचना कुठे होती? तुमच्या कुठल्या कागदात कुलूप हा शब्द आहे? त्यानं पंचनाम्याचं पान उलटलं. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, जाऊ द्या. त्याला काय बोलता." बरोबर आहे. त्याला काय बोलायचं. मग मी कुणाला बोलू? साहेब बदलून गेले. बहिणीवर चिडावं तर तिचा तो आवाज कानात येतो. म्हणून तुम्ही, सिस्टर. तुम्ही मिळालात.

मला एवढंच सांगा. तुमच्या हिशेबानं ती कोण? चप्पल घ्यायला वळणारी मुलगी आणि ती एकाच भिंतीशी बसवाल? ती मागे गेली नसती तर आज जिवंत असती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी ते आयुष्यभर दुसऱ्यांना समजावलं आहे. पण ती शाळेच्या व्हरांड्यात बसून त्या चौघींचं ओरडणं हळूहळू थांबेपर्यंत ऐकत राहिली असती, आणि किल्ली तिच्या पदराला असती. तुमच्या शाळेत घंटा वाजली की मागे राहायचं ते काय? कंपासपेट्या, चपला, डबे. कशालाच आवाज नव्हता. तुम्हाला सगळं मागे टाकून येता आलं होतं, घर, आईबाप, भाषासुद्धा. तुम्हाला तो नियम सोपा होता, असं मी म्हणते. नसेलही सोपा. पण मग तेव्हाच सांगायचं होतंत.

त्यानंतर मी त्या गावात गेले. पारावर बसून सांगितलं की पावसाचे महिने तरी कुलपं काढा, दाव्यानं बांधा, सुटायला सोपी गाठ मारा. माझ्या बहिणीच्या आठवणीखातर त्यांनी ऐकलंही. आणि दिवाळीच्या आधीच दोन गोठे रिकामे झाले. ज्याची बैलजोडी गेली तो माणूस मला भर रस्त्यात म्हणाला, "बाई, पाण्याचं तुमी सांगितलं, मंग आता चोरालाबी एक नोटीस द्या की."   आता अर्ध्या गावाची कुलपं परत लागली आहेत, आणि पुढच्या पावसात कुणाच्या तरी पदराला किल्ली असणार आहे.

मध्यंतरी भाचा जालन्याला आला होता. तुपाचा डबा घेऊन आला. "खा मावशी, तिच्याच म्हशीचं हाय," म्हणाला. मी त्याला फाडफाड बोलले. माझ्या घरात हे आणायची तुझी हिंमत कशी झाली, परत ने म्हणाले. तो बिचारा डबा ओट्यावर ठेवून निघून गेला. मी तो उचलून फळीवर अगदी मागे, डाळींच्या डब्यांच्या पलीकडे ढकलला, आणि किती दिवस त्या फळीकडे बघितलं नाही.

हे कुठे पाठवणार? पाठवायचं नव्हतंच. रद्दीवाला येईल तेव्हा वर्तमानपत्रांत घालून देईन.  फक्त एक सांगायचं राहिलं. आज दुपारी खिचडी केली होती. लोणचं संपलेलं, आणि हात फळीवर मागे गेला. तूप रवाळ होतं, नीट कढवलेलं. मी ते खिचडीवर घेतलं, खाल्लं, आणि मग पुन्हा वाढून घेतलं.