तुझा माड

मेल्की,

समुद्र घरांपर्यंत यायला लागलाय, म्हणून हल्ली दर शनिवारी सगळं गाव चिखलात उतरून तिवराची रोपं लावतं. आपल्या घरातून मीच जाते. रोझेता काकू ओरडते, "भाऊ शहरात एसीत बसलाय, त्याच्या वाटचं रोपही तूच लाव!" लावते. मग घरी येऊन सागूची पेज करते, आईला भरवते. कंबर बोलायला लागते.

तुझी नाळ पुरून बाबांनी तिच्यावर लावलेला माड गेल्या उधाणात मुळासकट वाहून गेला. आईला आता दिसत नाही. रोज विचारायची, "मेल्कीचा माड उभा आहे ना गं? तो आहे तोवर पोरगा परत येईल." शेवटी हात धरून तिला घरामागे माझ्या माडापाशी नेलं. खोडावर हात फिरवत म्हणाली, "केवढा झालाय माझा मेल्की!"

हे पत्र मी पाठवणार नाही. तू फोनवर तिला खरं सांगून मोकळा होशील.

काल तिने एकदम विचारलं, "आणि तुझा माड गं, डोरसिला?"

"माझा समुद्राने नेला, आई."

ती म्हणाली, "जाऊ दे. तू कुठे जाणार आहेस? तुला कशाला हवा माड? मेल्कीच्या माडाला मात्र चुलीतली राख घालत जा."

आताच घालून आले.

तुझी दमलेली ताई,
डोरसिला