बाबूसिंगची बोटं आणि आमचा टेलिफोन

पांढरकवडा, ता. ९ डिसेंबर १९५९

तीर्थरूप विठ्ठलराव भाऊजींस, मारोतीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे बसूनच घातला आहे, तो पूर्ण समजावा). मथुराताईचे गुडघे कसे आहेत? फुलसावंगीला थंडी पडली असेल. इकडेही आहे, पण माझं डोकं तापलेलंच आहे, आणि त्याला कारण तुम्ही.

गेल्या सालच्या दिवाळीत तुम्हीच म्हणालात, दुकान लहान असो की मोठं, टेलिफोन पाहिजेच. मला पटलं. कापसाची दलाली करायची आणि वणीच्या रामलाल शेठजींकडे भाव विचारायला माणूस मोटारीने पाठवायचा. तो परत येईपर्यंत भाव बदललेला. अर्ज केला, वर्षभर वाट पाहिली, आणि या कार्तिकात टेलिफोन गादीशेजारी येऊन बसला. आमच्या मंडळींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. इथवर सगळं मला समजलं होतं.

आता बाबूसिंग. माझा भागीदार तुमच्याच गावचा, पण त्याचा हात तुम्हाला ठाऊक नाही. अठरा वर्षं आमचे सगळे सौदे त्याने रुमालाखाली केले. समोरच्याचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, की बाजारात कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून वणीचा कॉल लागला तेव्हा मी त्यालाच बसवलं. पण लाइनीत खरखर, ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जाईना, आणि ओरडावं तर ओट्यावर चार दलाल कान टवकारून बसलेले. शेवटी आम्ही बाबूसिंग आणि टेलिफोन दोघांवर मिळून घोंगडी टाकली. (शेजारच्या उकंडा पाटलांना वाटलं, तो वाफारा घेतो आहे; ते घरून ओवा घेऊन आले.) आतून आवाजच येईना. लाइन तुटली होती. पुन्हा कॉल मागितला, पुन्हा तुटली. तिसऱ्या वेळी मीच घोंगडीत डोकं घातलं. पाहतो तर रिसीव्हर ठेवायची जी खुंटी असते, तिच्यावर बाबूसिंग शांतपणे बोटांनी भाव दाबतो आहे! खुंटी दाबली की लाइन तुटते, हे त्याला कोण सांगणार?

"दाबला ना म्या भाव!" तो म्हणाला. "त्याले समजून नाही राह्यलं तर म्या काय करू?"

मी हसलो. भाऊजी, तिथेच चुकलो. हसलो ते हसलो, वर ओट्यावरच्यांनाही सांगितलं. बाबूसिंगने रुमालाची घडी केली, खिशात घातली. "मारोतराव, इतके वर्षं बोटायचं काम होतं. आता तोंडाचं आहे, ते तुमी करा. मी कायले पाह्यजे?" आणि गावी निघून गेला. त्याला सतरा दिवस झाले.

टेलिफोन उत्तम चालतो. सौदे पटापट होतात, शेठजी खूश आहेत. म्हणजे तुमचं बरोबरच होतं. मग दुकानात करमत का नाही? येणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मी सांगतो, टेलिफोन घ्याच. आणि सांगता सांगता त्यांचा हात रुमालाखाली धरून बसतो. ते लोक बिचारे घाबरून जातात.

थांबतो. घंटी वाजते आहे.

आपला गोंधळलेला,
मारोती

ता. क. : घंटी पुसदहून होती, तुमच्या गावाला जवळचा टेलिफोन तिथलाच. ऑपरेटर म्हणाला, बाबूसिंग बोलतील. तो तीन मिनिटं काही बोलला नाही. मीही नाही. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. लाइन इतकी स्वच्छ कधीच नव्हती. मग वेळ संपली.

आणखी ता. क. : पत्र लिहायला बसलो ते खरं याचसाठी (वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल). तो गावी परतला की त्याच्या घरी जा. त्या तीन मिनिटांत तो काय म्हणाला, ते विचारून घ्या. आणि मी त्याची माफी मागितली, असं सांगा. टेलिफोनवर तेवढी राहून गेली.