महिनाभराचा भात अन् एक चूळ

सोमवार, ८ डिसेंबर, आंधळगाव

डोस्कं फिरलं आज. महिनाभर भात सोडला मी, अन् कायले?

जिभेवर पांढरा थर चढला, तर नागपूरचा भाचा म्हणे, "मामाजी, हे बुरशी होय. भात-साखरेवरच वाढते. बंद करा." केलं बंद. आपल्याच शेतातल्या बांधीतला नवा तांदूळ घरात शिजून राहिला, सारे खाऊन राहिले, अन् मी उकडलेली अंडी गिळून राहिलो. थर तसाच.

आज मोहाडीच्या डॉक्टरनं तोंड पाहिलं. शुगर तपासली, बरोबर निघाली. मग विचारते, "दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरता का?"

चूळ! पंपाचं औषध तोंडात राहते, त्यानं बुरशी धरते म्हणे. मले काहून नाही सांगतलं कोणी? एका चुळीपायी महिनाभर भात बंद!

घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती भात वाढता वाढता म्हणाली, "पंपाच्या डब्बीत कागद होता ना?"

होता. या वहीत खूण म्हणून तोच घातला होता मी. आता उलगडला. चित्रातला माणूस पंप ओढून चूळ भरून राहिला.

महिनाभर रोज हातात घेतला तो कागद. आता ओरडू कोणावर?