टायर पंक्चर झालं नव्हतं

दि. १८ जानेवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण आता त्याला घरातलाच एक हट्टी माणूस समजून चालतो. ड्रायव्हिंग स्कूलवाले अजून मला सोडत नाहीत. नवशिक्यांना गाडी मागे घ्यायला शिकवायची म्हटलं की तरुण मास्तरांना नेमकी कामं आठवतात. परवा एका बाईंनी कचऱ्याच्या पिंपाला असा धक्का दिला की ते गडगडत कोपऱ्यापर्यंत गेलं, आणि वर मलाच म्हणाल्या, "मास्तर, ते मध्ये आलंच कशाला?"

तुला हसू यावं म्हणून लिहिलं. खरं तर मला कागदावर पुढे जायचा धीर होत नाहीये.

मंगळवारी तुझा फोन आला. भिंगरीच्या पोटात सारखं दुखतंय, डॉक्टरांना काही सापडत नाही, शाळेला निघताना रडते आणि विचारलं तर गप्प बसते. मी म्हणालो, कोमट पाणी देत जा. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. मला ठाऊक होतं गं तिला काय होतंय ते.

त्या रविवारी ती नेहमीप्रमाणे बापाला भेटायला आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला तुझ्याकडे परत सोडायला उशीर झाला, आणि दारात उभं राहून मी तुला सांगितलं की टायर पंक्चर झालं. टायर पंक्चर झालं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिला सोडायला निघायचं म्हणून मी खाली जाऊन गाडी बघत होतो. डिकी उघडली तर आत मोठी बॅग. एका दिवसासाठी आलेल्या पोरीचं सामान ते केवढं! चेन ओढली. तिचे स्वेटर, नवे बूट, आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्या जन्माचा दाखला. तेवढ्यात चिरंजीव खाली आले. मी विचारलं, हे काय?

म्हणाला, "मी बदली मागून घेतलीय. आज निघतोय. ती माझ्याबरोबर येतेय."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"पोचलो की कळवीन. बाबा, आठवड्यातला एक दिवस! पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखी जाते. मी कोण आहे तिचा?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. इतकं शांतपणे बोलत होता की माझ्या अंगावर काटा आला. माझ्या डोळ्यांपुढे वाढलेला मुलगा, आणि मला वाटलं, ह्याला आपण ओळखत नाही.

भिंगरी मागच्या सीटवर केव्हाच येऊन बसली होती. पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. डिकी उघडी, म्हणजे तिने सगळं ऐकलेलं. मान वळवून मला म्हणाली, "आजोबा, आपण आईकडेच चाललोय ना?"

मी चालवायच्या जागेवर बसलो, किल्ली फिरवली. तो शेजारी येऊन बसला. मला वाटलं, ओढून काढतो की काय मला बाहेर. तसं केलं नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की हात सैल ठेवा, घाबरू नका, आणि त्या दिवशी मीच स्टिअरिंग आवळून धरलं होतं. मोठ्या चौकात डावीकडे महामार्ग, उजवीकडे तुझी वस्ती. सिग्नल लाल. तो हळूच म्हणाला, "बाबा, डावीकडे घ्या." मी सिग्नलच बघत राहिलो. "डावीकडे घ्या, बाबा." त्याचा हात स्टिअरिंगजवळ आलेला मला दिसत होता. आरशात पोर दिसत होती, पट्टा घट्ट धरून. तो स्टिअरिंग ओढेल, समोरून ट्रक येईल, मागे ही आहे, एवढंच डोक्यात. सिग्नल सुटला आणि मी उजवीकडे वळलो.

त्याने हात मागे घेतला. पुढे पेट्रोल पंपाशी थांबायला लावलं, उतरून भिंतीकडे तोंड करून रडला. बराच वेळ. उशीर झाला तो तिथे. परत आला तेव्हा डोळे पुसून तिला म्हणाला, "आईला यातलं काही सांगायचं नाही हं. सांगितलंस तर आपली भेटच बंद होईल." तिने मान हलवली. आणि मी तिथे बसून होतो, सूनबाई. मी त्याला अडवलं नाही. मग तुझ्या दारात मी पंक्चरची थाप मारली, आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

तुझ्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी मी त्या समुपदेशक बाईंना भेटून आलो. कोर्टाने तुम्हाला पाठवलं होतं त्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजोबा, आठ वर्षांच्या मुलीने आईपासून एवढं लपवायचं म्हणजे तिला आईच्या मांडीवरसुद्धा सावध बसावं लागतं. पोट दुखणार नाही तर काय? तिला मोकळं करा. आधी मुलाला सांगा, मग तिच्या आईला."

त्याला सांगितलं. म्हणाला, "मग तुम्हाला मुलगा नाही असं समजा." बदलीच्या गावी तो गेलाच नाही, एका घरातच आहोत, पण तेव्हापासून तो माझ्या समोरून असा जातो की जणू मी खुर्ची आहे. तुझी सासू असती तर दोघांनाही समोर बसवून बोलतं केलं असतं तिने. मला ते जमत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तो वाईट नाही. लेकीवर त्याचा जीव आहे. पण तो पुन्हा असं करणार नाही, हे मी त्याचा बाप असून छातीठोकपणे सांगू शकत नाही. शाळेत सांगून ठेव, तिला एकट्या त्याच्या हाती देऊ नका म्हणून. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

माझ्यावर तू रागावशील. दार बंद करशील, तोही तुझा हक्क आहे. पण त्याआधी तिला जवळ घेऊन सांग की आजोबांनी सगळं सांगितलंय. एवढं झालं की मग काय ते माझं बघ.

तिचे आजोबा

दि. २९ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

पत्र उभ्यानेच वाचलं. नंतर दाराची कडी लावली आहे का ते बघून आले, दिवसाउजेडी.

तुमच्यावर खूप राग आला. अजून आहे. त्या दारात तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललात आणि मी तुम्हाला चहा विचारला. शाळेत सांगितलंय. वकिलांना सांगितलंय. यापुढे तो तिला समुपदेशक बाईंच्या खोलीतच भेटेल, बाई समोर असताना. काल पहिल्यांदा आला. बाई म्हणाल्या, तो स्वतःहून तिला म्हणाला, "तुला गप्प बसायला सांगितलं, ते माझं चुकलं." तेवढं तरी झालं. माझी भीती मात्र गेलेली नाही. फाटकाशी कुणाची गाडी थांबली की मी आधी खिडकीतून बघते.

पत्र आलं त्याच दुपारी भिंगरीला सांगितलं. दप्तर काढत होती. मी म्हटलं, आजोबांनी मला सगळं सांगितलंय, पंक्चरचं, बॅगेचं, सगळं. तिने दप्तर खाली ठेवलं. आधी विचारलं, "बाबांना पोलीस नेणार?" मी नाही म्हटलं. "आजोबांना ओरडणार?" त्यावर मी म्हटलं, थोडंसं.

मग माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई, आता मी झोपेत बोलले तर चालेल ना?"

बाबा, इतके दिवस पोर झोपायलाही घाबरत होती, आणि मी तिला कोमट पाणी पाजत होते.

पोट अजून दुखतं, पण रोज नाही. तिने तुम्हाला बोलावलंय. शनिवारी या. एकटेच या. बसने या.

अजून रागावलेली,
तुमची सून