‘जेद्दा गलबत’चा कॅचर

जेद्दा
शनिवार

प्रिय यज्ञेश,

हे पाकीट मुस्तफाच्या हाती पाठवतोय. तो महिनाभराच्या सुट्टीवर गावी निघालाय आणि वाटेत चिपळूणला उतरून तुझ्या दारात जाईन, असं त्यानं कबूल केलंय. बरोबर बुरैदाच्या खजुरांचा डबा आहे. खजूर ठेवून घ्यायचे आणि पत्र तसंच बाजूला टाकायचं, असं चालणार नाही. दोन्ही एकत्र घ्यायचं. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, कारण निळी खूण उमटते, पण उत्तर येत नाही. तीन वर्षं मी ती निळी खूण बघत आलोय. आपलं भांडण झालं असतं तर मी समजलो असतो, येऊन तुझे पाय धरले असते. पण तू माझ्यावर रागावलेला नाहीस, स्वतःवर रागावलायस, आणि त्यात माझा मित्र गेला. तो मला परत हवाय. एवढं आधीच सांगतो, म्हणजे पुढची पानं वाचताना हा बाबा कशासाठी एवढं लिहितोय म्हणून तू डोकं खाजवत बसणार नाहीस.

आम्ही ठीक आहोत. ताजुन्निसा आता गाडी चालवते, आणि मी शेजारी जीव मुठीत धरून बसतो. अझिझियातल्या तुमच्या फ्लॅटमध्ये केरळचं एक कुटुंब राहायला आलंय, भली माणसं आहेत. आणि जाफरच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. त्याला आपल्या बेसबॉल संघाचा इतिहास लिहून काढायचाय. अरबीत तो स्वतः लिहिणार आहे, पण तुम्ही कोकणातली माणसं या खेळात कशी आलात ते तू सांग, म्हणून माझ्या मागे लागलाय. त्यामुळे गेले काही दिवस मी क्रेनच्या केबिनमधून उतरल्यावर चहा घेऊन बसतो आणि जुनं जुनं आठवतो. आठवणीत तू नाहीस अशी जागाच सापडत नाही रे.

बंदरामागच्या मोकळ्या जागेत आपण शुक्रवारी क्रिकेट खेळायचो. एका संध्याकाळी पांढऱ्या पायघोळ थोबमधला एक तरुण खांद्यावर लांबलचक पिशवी टाकून कुंपणाशी येऊन उभा राहिला. आपल्याला वाटलं, जागेचा मालक आला, खेळ खलास. तो तासभर नुसता बघत राहिला. मग सीमारेषेवरून थेट तुझ्या हातात चेंडू फेकणाऱ्या मुस्तफाकडे बोट दाखवून म्हणाला, हा हात मला हवा. तो जाफर. अमेरिकेत शिकायला गेला आणि पदवीबरोबर बेसबॉलचं वेड घेऊन आला. पिशवीत सगळे ग्लव्ह्ज. संघाचं नाव त्याला ससाण्यावरून ठेवायचं होतं. मी म्हटलं, ससाणे इथं गल्लोगल्ली आहेत. आम्ही हर्णैची माणसं, आमचं गलबतच असू दे. त्यांच्याकडेही तसल्या होडीला जलबूत म्हणतात, त्यामुळे गडी लगेच खूश झाला. अशा रीतीनं ‘जेद्दा गलबत’ पाण्यात उतरलं.

आणि उतरल्या उतरल्या बुडालं! दम्मामच्या संघाशी पहिला सामना. त्यांच्यातले निम्मे फिलिपिनो, लहानपणापासून हाच खेळ खेळलेले. आपण कोण, तर दापोली-रत्नागिरीकडचे क्रिकेटवाले. मुस्तफानं चेंडू जोरात मारला आणि बॅट हातात घेऊनच धावला, वर पहिल्या बेसवर सूर मारून बॅट टेकवली. मी पिचर, पण सवयीनं चेंडूचा टप्पा पाडत होतो. आपले दोघे क्षेत्ररक्षक ग्लव्ह्ज गवतावर काढून ठेवून मोकळ्या हातांनी झेल घेत होते. पण खरी शोभा तू केलीस. चेंडू तुझ्या हातात बसला की तू मागे वळून, दोन्ही हात पसरून पंचाकडे ‘हाउज दॅट’ करायचास. शेवटी त्या बिचाऱ्यानं मास्क वर करून तुला समजावलं, भाई, इथं मागावं लागत नाही, मी न मागता देतो. सामना संपल्यावर दम्मामवाल्यांनी आपल्याला जेवायला घातलं. मला वाटतं, दया आली असावी.

जाफरला हे सगळं इतिहासात हवंय. मला मात्र त्याच्या पुढचं जास्त सांगावंसं वाटतं. दोन हिवाळ्यांत आपण पैसे घेऊन खेळणारा संघ झालो, तेही कुणा कंपनीचं नाव छातीवर न लावता. तिकिटं विकायची, त्यातून मैदानाचं भाडं द्यायचं, उरेल ते खेळाडूंनी वाटून घ्यायचं. ज्याच्या त्याच्या कफीलकडून, म्हणजे नोकरीच्या मालकाकडून, परवानगी आणताना जाफरचे जोडे झिजले. इकॉनॉमिक सिटीतल्या त्या मैदानावर घरची सगळी मंडळी डबे घेऊन यायची. ताजुन्निसा पहिल्यांदा स्टँडमध्ये बसली तेव्हा तिला एकही नियम ठाऊक नव्हता, पण पंच चुकतोय याची मात्र पक्की खात्री होती. आसावरीवहिनी तिच्या शेजारी बसून तिचा हात धरून ठेवायच्या. तू बोटांनी खूण करायचास आणि मी तो चेंडू टाकायचो. मला फलंदाज दिसायचाच नाही, तुझा ग्लव्ह तेवढा दिसायचा. क्रेनवर काम करताना खाली उभा असलेला माणूस हात करतो, त्याच्यावर विश्वास ठेवूनच कंटेनर खाली सोडायचा असतो. तसंच होतं ते माझ्यासाठी.

आता त्या संध्याकाळविषयी लिहितो. हे पान उलटू नकोस. अंतिम सामना, शेवटचा डाव, आपण एका धावेनं पुढे. त्यांचा एक बाद झालेला, दोघे धावपटू बेसवर उभे. मी तू मागितलेला चेंडू टाकला, फलंदाजाची बॅट हवेत फिरली, चेंडू तुझ्या ग्लव्हमध्ये. बाद! तू मास्क भिरकावलास आणि चेंडू आभाळात उडवलास. रत्नागिरीच्या मैदानांवर यष्टीमागे झेल घेतल्यावर तू वीस वर्षं हेच करत आला होतास. पण डाव संपायला तिघे बाद व्हावे लागतात आणि हा दुसराच होता. क्रिकेटमध्ये गडी बाद झाला की चेंडू मेला. इथं तो जिवंत असतो, आणि त्यांचे दोघे दोन धावा पुऱ्या करायला धावत सुटले होते. मी ओरडत होतो, पण त्या गलक्यात तुला काही ऐकू गेलं नाही. तू हात पसरून माझ्याकडे येत होतास, तोंडभर हसत. मध्येच तुझं हसू थांबलं. यज्ञेश, सामना हरल्याचं मी कधीच विसरलोय. तुझा तो चेहरा विसरता येत नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं तुला आधार द्यायचा प्रयत्न केला, आणि आता कळतं, फार वाईट केला. मी म्हणालो, होतं असं कधीकधी. जाफरनं एका मोठ्या अमेरिकन खेळाडूची गोष्ट सांगितली. मुस्तफानं विनोद केले. मग आमच्याकडे जेवायला बोलावलं, तेव्हा कुणीच तो विषय काढला नाही. तू खाली मान घालून बिर्याणी चिवडत होतास आणि ताजुन्निसा तुला वाढत सुटली होती. कशाचाच उपयोग झाला नाही. दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या अकाउंट्समधली चांगली नोकरी सोडून तू फायनल एक्झिट घेतलीस, कायमचा गावी निघालास. आई-वडिलांचं वय झालंय, म्हणालास. विमानतळावर माझ्याशी हात मिळवतानाही तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

संघ आपल्यामुळे बुडाला, असं तुला वाटतं, हे मला आसावरीवहिनींकडून कळलं. एवढा भाव खाऊ नकोस. तू गेल्यावर आम्ही आणखी दोन हिवाळे खेळलो, एकदा तर दम्मामवाल्यांना त्यांच्या घरी जाऊन हरवलं. मग कुणाचा करार संपला, कुणाची बदली झाली, माझा खांदा कुरकुरायला लागला, आणि लीगमधले बाकीचे संघ एकेका कंपनीनं विकत घेतले. आपल्यालाही विचारणा झाली होती. गलबत पुसून तिथं सिमेंट कंपनीची खूण लावा म्हणाले. जाफर म्हणाला, त्यापेक्षा मी धक्क्यावर उभं ठेवतो. आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांनी हो म्हटलं. वाईट वाटलं, पण त्यात तुझा काडीचाही हात नव्हता.

पण गलबत धक्क्यावर उभं राहिलं नाही. तुला ठाऊक नसेल, मागच्या वर्षापासून जाफरनं त्याच नावानं मुलींचा संघ उभा केलाय. सौदी मुली आहेत, फिलिपिनो आहेत, एक लेबनॉनची आहे. आणि कॅचर आहे माझी लेक, आपली इफरा. हो, तीच. चौदा वर्षांची असताना समुद्रकाठच्या कॉर्निशवर तू जिला लहान ग्लव्ह आणून दिलास आणि गुडघ्यांवर बसायला शिकवलंस, आणि मी म्हणायचो की पोरीला कशाला ही हमाली. आता फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आमच्याशी हिंदी-इंग्रजीत बोलते, पण मैदानावर बेसमनवर ओरडायचं असलं की तोंडून मराठीच निघतं. ते तुझ्याकडून आलंय. त्या लेबनीज मुलीला आता ‘अगं, बघ मागे’ एवढं बरोबर समजतं. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि तिच्यासमोर तो मला दाखवता येत नाही.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्यांचा उपांत्य सामना होता. शेवटच्या डावात चेंडू सरळ वर उडाला, अगदी तिच्या डोक्यावर. सोपा झेल. इफरानं मास्क काढला, पण दूर फेकायचं विसरली, पायाशीच टाकला. वर बघत मागे सरताना तिचा पाय त्यात अडकला, ती उताणी पडली आणि चेंडू शेजारी टप्पकन पडला. तेवढ्यात त्यांची धाव झाली आणि सामना गेला. कुणीतरी ते पडणं मोबाईलवर टिपलं, वर हसणारी चित्रं चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी ते कॉलेजभर फिरलं. तेव्हापासून ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही. किटची बॅग तिनं जिन्याखाली नेऊन ठेवलीय. संघाच्या ग्रुपमधून बाहेर पडलीय. ताजुन्निसा दाराशी ताट घेऊन उभी असते, आणि मला खुणेनं सांगते, पोर जेवली नाय. काल मी आत जाऊन बसलो आणि माझ्या तोंडून निघालं, बेटा, होतं असं कधीकधी. तिनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, ‘अब्बा, प्लीज, रहने दो ना.’ यज्ञेश, अशी पाठ फिरवणं मी आधी बघितलंय, आणि मला पुढे काय होतं ते माहीत आहे. म्हणून हे पत्र. तुला इकडे ये म्हणत नाही, परत खेळ म्हणत नाही, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलूही नकोस. तिचा नंबर पाकिटावर लिहिलाय. तिला फोन कर. तीन वर्षांपूर्वी तुला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. आम्ही सगळे तुझ्याभोवती होतो आणि आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही. मला अजूनही ठाऊक नाही ते काय होतं. तुला ठाऊक असेल. ते माझ्या मुलीला सांग.

तुझाच,
कादिर