भावोजींच्या नावाचा कैदी

कैद्यांची छावणी, ऑस्ट्रेलिया
फेब्रुवारी १९४६

फुमीताईस तोकुजीचा नमस्कार,

अक्षर ओळखून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. थोडा खोकला आहे, पण अंग चांगलं भरलंय. तुझं कसं चाललंय?

आधी भावोजींची माफी माग. शत्रूने पकडलं तेव्हा घराला बट्टा नको म्हणून सगळ्यांसारखं मीही खोटं नाव सांगितलं. घाईत तोंडात आलं ते त्यांचंच. ते तिकडे जाळी विणत बसलेत आणि इकडे दोन वर्षं कैदेतही आहेत. फार चिडतील का गं?

आमच्या कुरोइवा हवालदारांनी मात्र डोकं उठवलंय. अख्ख्या जपानने शरणागती पत्करली, तरी यांचं एकच, "पकडला गेला तो मेला. मेलेला माणूस घरी पत्र लिहीत नाही." मग मेलेला माणूस मटणाला वास येतो म्हणून रोज कुरकुर कशी करतो?

जहाज पुढच्या महिन्यात निघेल म्हणतात. मी मेलो समजून माझ्या नावाचा थडग्याचा दगड तुम्ही उभा केलाच असेल. राहू दे तो, शेजाऱ्यांना बरं वाटेल. आईला फक्त एवढं विचार, माझ्या फोटोपुढे ती रोज भात ठेवत असेल, तो खायला मीच आलो तर दार उघडेल ना?

तुझा धाकटा,
तोकुजी