स्टुडिओतलं दार

प्रिय टाचणी,

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, संध्याकाळचे सहा वाजून चोवीस मिनिटं. तुझ्या नव्या नभोनाट्यात मुलगा कित्येक वर्षांनी घरी परततो, त्या प्रसंगाची ही वेळ. त्याने दार उघडलं आणि ते आपलं दार नव्हतं. तारीख-वेळ आधी देतेय, कारण शाळेत आमच्या सिस्टरनी तशी शिस्तच लावली होती. तक्रार घेऊन गेलं की त्या म्हणायच्या, आधी दिवस आणि वेळ, मग गुन्हा, मग मागणी, आणि रडायचं असेल तर ते घरी जाऊन. साठ वर्षं मी तेच करत आलेय.

दुसऱ्या दिवशी रेडिओ केंद्रातल्या आपल्या जुन्या रेकॉर्डिस्टला फोन लावला. तो माझ्या फोनची वाटच बघत असावा, इतकं तिखटमीठ तयार होतं. म्हणाला, बाई, विभागप्रमुख झाल्यापासून तुमच्या टाचणीने पांढरा फळा आणलाय. वर लिहिलंय, ‘मुळापासून विचार’. स्टुडिओतल्या एकेका वस्तूला उभं करून विचारतात, तू कशाला आहेस? पावलांसाठीचा खडीचा खोका पास झाला. गडगडाटाचा पत्रा पास झाला. दाराची पाळी आली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी कोणीतरी म्हणालं, ते बाईंचं आहे. त्यावर तू म्हणालीस म्हणे, ‘बाईंचं आहे’ हे उत्तर नाही, हे बाईंनीच शिकवलंय. श्रोत्याला दार हवंय की दाराचा आवाज? आवाज. आवाज कॉम्प्युटरमध्ये आहेत, तीनशे चाळीस. झालं. आता ते दार चौकटीसकट मागच्या आवारात मोडक्या खुर्च्यांवर आडवं पडलंय आणि शनिवारी, बावीस तारखेला सकाळी, भंगाराची गाडी ते उचलणार आहे.

मला इतका राग आला की चहा गाळायचा राहिला आणि मी तसाच प्यायले. आणि खरा संताप याचा, की तुझ्या म्हणण्यात मला खोट सापडेना. मीच परीक्षक असते तर तुला पैकीच्या पैकी दिले असते.

तुझा पहिला दिवस आठवतो? काडीसारखी तू, आणि प्रश्न सगळे टोचणारे, म्हणून दुपारच्या चहापर्यंत तुझं नाव टाचणी पडलं होतं. मी तुला नाटकातला वारा करायला सांगितला. तू आधीच्या लोकांची वही उघडलीस आणि ते कापड कसं घासायचे, चाक कसं फिरवायचे, ते शोधायला लागलीस. मी वही बंद केली. डोळे मीट म्हटलं, आणि सांग, वाऱ्याला आवाज असतो का? तू म्हणालीस, नाही बाई, वाऱ्याच्या वाटेत जे येतं ते वाजतं. त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, मला माझी जागा घेणारी मिळाली. मग तू वाटेत काय काय उभं केलंस ते मी विसरलेले नाही. दोरीवरचा ओला सदरा, अर्धी उघडी खिडकी, कॅलेंडरची पानं.

कारभारही मी असाच केला. आपलं रेकॉर्डिंग दहा चाळीसला सुरू व्हायचं. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी खणत गेले तर निघालं काय, माझ्या आधीच्या आधीच्या साहेबांची बस साडेदहाला यायची. साहेब गेले, बस बंद पडली, आणि चाळीस माणसं रोज त्या बसची वाट बघत बसलेली. मी दहाची वेळ केली. तोंडावर सगळ्यांनी वाहवा केली, पाठीमागे मला ‘करवत’ म्हणायचे. मला कळायचं. आवडायचंही.

आता दाराबद्दल. स्टॉक रजिस्टर तू नक्की पाहिलं असशील. माझ्याच अक्षरात नोंद आहे: ‘दार, चौकटीसह, एक. जुन्या सामानाच्या बाजारातून.’ ती नोंद खोटी आहे. नोकरीत मी एवढं एकच खोटं लिहिलं. त्यामुळे तुझ्या फळ्यासमोर कोणाला उत्तर देता आलं नाही, यात त्यांचा दोष नाही आणि तुझाही नाही. मुळाशी जाणाऱ्याला मूळच खोटं लिहून ठेवलेलं सापडलं तर त्याने काय करावं?

ते दार आमच्या घरातलं. मुलाच्या खोलीचं. मला मुलगा होता हे तुला माहीत आहे, पण तू कधी विचारलं नाहीस. जगातली सगळी प्रश्नचिन्हं खिशात घेऊन फिरणारी तू, तेवढं एक बाहेर काढलं नाहीस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. एकोणीस वर्षांचा होता. नऊ दिवसांचा ताप, बस. दार खालून घासायचं, म्हणून तो हात न लावता खांद्याने ढकलायचा. आधी धप्प, मग जरा थांबून बारीक कुरकुर, आणि मग त्याचं ‘आई, काय आहे खायला?’

तो गेल्यावर दोन महिन्यांनी मी सुतार बोलावला. हे म्हणाले, राहू दे ना ते दार. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. दार कशासाठी असतं? कोणी आत-बाहेर करत असेल तर. इथे आता कोण करतंय? हे कधीच वाद घालत नाहीत, आणि मी तेवढ्याला होकार समजत आले. सुताराने चौकटीसकट दार काढलं. यांनी तिथे स्वतः पडदा शिवून लावला. माझी हिंमत मात्र तिथेच संपली. दार मोडीत द्यायला निघाले आणि टेम्पोवाल्याला केंद्राचा पत्ता सांगून बसले.

पुढची तेवीस वर्षं तुम्ही सगळे ते दार खांद्याने ढकलत आलात. नवा नट आला की मी ओरडायचे, हाताने नाही, खांद्याने, आणि कुरकुरीआधी थांब. तुम्हाला ती माझी शिस्त वाटायची. राजा येवो, पोस्टमन येवो, पळून गेलेली सून येवो, आपल्या नाटकांत सगळे एकाच मुलासारखे घरात शिरायचे. मी काचेमागे बसून ऐकायचे. ही गोष्ट फक्त माझी आहे अशी माझी समजूत होती.

अकरा तारखेला हे नेहमीसारखे सहाला रेडिओ लावून बसले. तेवीस वर्षांत यांनी एक नाटक चुकवलं नाही, आणि एकाचीही गोष्ट यांना कधी सांगता आली नाही. मी चिडवायचे, ऐकता की झोपता? त्या दिवशी मी भाजी निवडत होते. सहा चोवीसला ते तुझं गुळगुळीत दार उघडलं. यांनी मान वर केली. म्हणाले, “दार बदललं.” रेडिओ बंद केला, आत गेले आणि पडदा ओढून त्या खोलीत बसले. मी तशीच बसून राहिले, हातात देठ. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, टाचणी. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. जगाला विचारत सुटले.

श्रोता एकच असतो, लाखांसाठी नाटक करू नये, हे मी तुला किती ऐकवलंय. तो एक कोण, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. तेव्हापासून सहा वाजले की हे रेडिओसमोर येऊन बसतात आणि लावत नाहीत.

तेव्हा मागणी. मला ते दार परत हवं आहे, चौकटीसकट. सुताराशी बोलून ठेवलंय. पडदा काढून ते जिथलं तिथे बसवायचं आहे. खालून रंधा मारू नकोस, असं त्याला दोनदा बजावलंय. आणि ते बसवलं की एका संध्याकाळी सहाच्या सुमारास तू इथे यायचंस. माझा उजवा खांदा आता उचलत नाही, आणि ते कसं उघडायचं ते तुला येतं. हे बाहेर खुर्चीत असतील. तू काही बोलायचं नाहीस. फक्त ढकलायचंस, आणि कुरकुरीआधी थांबायचंस.

फोन करू नकोस. नाही म्हणायचं असेल तर ते मला कानाने ऐकायचं नाही. हो की नाही, एवढंच लिही, सहीनिशी. शुक्रवार, एकवीस तारीख, दुपारी चारच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच,
बाई